अजून इलो नाय, पण येतलो

माझा धंदा साउंडचा. त्रिपुरी पौर्णिमा झाली की कुडाळ-वेंगुर्ला पट्ट्यात जत्रा लागतात, आणि पुढचे दोन-तीन महिने मी रात्री जागा नि दिवसा आडवा. तिथे रात्रभर चालणाऱ्या दशावताराच्या नाटकाला फार सामान लागत नाही. वर टांगलेले तीन-चार माईक, पेटीला एक, पखवाजाला एक, दोन बाजूंना टॉप आणि बेस, म्हणजे बारीक आणि जाड आवाजाचे स्पीकर. खरी कसोटी माईक-स्पीकरची शिट्टी न येऊ देण्यात.

प्रत्येक साउंडवाल्याचं स्पीकर तपासायचं एक ठरलेलं गाणं असतं. बहुतेकांचं काहीतरी धडधडणारं रिमिक्स. माझं मात्र गेली कित्येक वर्षं एकच: ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागातला, मोरियाच्या खाणीतल्या पुलावरचा जवळपास सहा मिनिटांचा तुकडा. त्यात पुरुषांचा खर्जातला कोरस आहे, पितळी वाद्यं आहेत, ढोल आहेत, आणि शेवटी एकदम बारीक आवाज. बेस फाटतो का, टॉप किंचाळतो का, सगळं त्या सहा मिनिटांत कळतं.

पिक्चर मी पहिल्यांदा पाहिला तो सायबर कॅफेवाल्या मित्राकडे, दोन डबडा स्पीकरांवर. गोष्ट अर्धीच कळली. नावं तर एकही लक्षात राहिलं नाही. पण आवाज डोक्यात बसला. संगीतकार हॉवर्ड शोर, कॅनडाचे. 2001, 2002, 2003 असे ओळीने तीन पिक्चर आले आणि तिन्हींचं संगीत त्यांचंच. पहिल्या आणि तिसऱ्या भागाच्या संगीताला ऑस्कर मिळालं, तिसऱ्यातल्या गाण्याला आणखी एक. बहुतेक सगळं लंडन फिलहार्मोनिकने वाजवलंय, पण मोरियाचं काम न्यूझीलंडला, वेलिंग्टनमध्ये मुद्रित झालं. तो कोरस गातो बुटक्यांच्या भाषेत. मूळ गोष्टीच्या लेखकाने स्वतः भाषा रचल्या होत्या, त्या भाषांत गाण्याचे शब्द बसवले. कोणाला अर्थ कळणार नाही हे ठाऊक असून एवढी मेहनत! आमच्याकडे स्टेजवर माईक लावताना ‘चलता हाय’ म्हणणारे आठवले.

तर मागच्या का त्याच्या मागच्या हंगामात, एका देवळाच्या आवारात संध्याकाळी मी हा तुकडा लावून बेस बघत होतो. पलीकडे चटईवर कंपनीचे पखवाजी काका पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावत बसले होते. वय सत्तरीच्या घरात. हा पिक्चर त्यांनी पाहिलेला असणं शक्यच नव्हतं. कोरस सुरू झाला तसा त्यांचा हात थांबला.

“ह्यो राक्षस खंयचो रे?”

मी म्हटलं, “काका, राक्षस कुठे दिसला तुम्हाला?”

“अजून इलो नाय, पण येतलो.”

आणि खरंच, पिक्चरमध्येही त्या जागी तो आलेला नसतो. बाकीचे पळत असतात, मागे उजेड लालसर होत जातो, आणि संगीत तेवढं आधीच सांगून मोकळं होतं. काकांचं सगळं आयुष्य हेच करण्यात गेलंय. राजा येतो तेव्हा पेटी-पखवाजाची चाल वेगळी, स्त्री पार्टीची वेगळी, आणि राक्षस पार्टी पडद्यामागून ओरडायच्या आधीच पखवाज असा काही उठतो की पुढे बसलेली पोरं आईच्या पदरात घुसतात. पात्र कोण, हे डोळ्यांच्या आधी कानाला कळलं पाहिजे.

शोरनेही तेच केलंय, फक्त बारा तासांच्या आसपासच्या गोष्टीत. हॉबिट म्हणजे गोष्टीतली लहानखुरी, साधी माणसं, त्यांच्या गावाला टिन व्हिसल आणि फिडल. रोहनच्या घोडेस्वारांना नॉर्वेचं हार्डांगर फिडल, ज्याला सारंगीसारख्या खाली तरफेच्या तारा असतात, म्हणून वाजवून झालं तरी मागे झणकार राहतो. आयसेनगार्डला, म्हणजे दुष्ट जादूगाराच्या गढीला, पाच मात्रांचा ठेका आणि वर लोखंडाचे घाव, साखळ्या, पत्रे. तो मी काकांना मोबाईलवर ऐकवला. त्यांनी गुडघ्यावर दोन फेऱ्या धरल्या. “अर्धो झपताल,” म्हणाले, “पण हेका विसावो नाय.” मी नेटवर यावर पानंच्या पानं वाचली होती, इतकं नेमकं कुठे सापडलं नव्हतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती नऊ जणांच्या टोळीची चाल. आधी ती तुकड्यातुकड्याने येते. नऊ जण एकत्र जमले की पहिल्यांदा पितळी वाद्यांवर पुरी वाजते. पुढे टोळी फुटते तशी चालही फुटते, आणि आपण खुर्चीत बसून ती पुरी होण्याची वाट बघत राहतो. किंवा तिसऱ्या भागात डोंगरावर दोघे हॉबिट गळून पडलेले, सॅम गावच्या आठवणी काढतोय, आणि तिथे गावचीच चाल एकट्या बासरीवर. तिथे शंभर वाद्यं लावली असती तर वाया गेलं असतं.

आता माझा गाढवपणा. काकांना तुकडा आवडला म्हणून मी हुरळलो. त्याच रात्री ट्रिकसीन होता. धूर, लाल लाईट, राक्षसाचा वध. हल्ली अशा वेळी पेनड्राईव्हवरचं काहीतरी दणदणीत लावायची टूम आहे. कुठल्याही राक्षसाला कुठलंही, कालच्या आख्यानात वाजलेलं आज परत. मला ते पटत नाही. पण निदान चांगलं तरी लावू, असं म्हणून मी मोरिया तयार ठेवला.

पहाटे तीनचा सुमार. राक्षस आला, मी बटण दाबलं. पहिली चार मिनिटं काय सांगू! खाजेवाले दुकान सोडून बघायला आले. पेटीवाल्याने मात्र हात काढून घेतले आणि माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली.

अडचण ही, की पिक्चर कापून-जोडून तयार असतो आणि संगीत त्याच्या सेकंदासेकंदावर बसवलेलं असतं. दशावतारात लिहिलेली संहिता नाही. राक्षस रंगात आला तर दहा मिनिटं मरत नाही. त्या रात्री तो रंगात आला होता. राजाला आव्हान देत तिसरी गिरकी घेत होता, आणि माझ्या तुकड्यात टोळीतला म्हातारा पुलावरून कोसळला. ढोल बंद, पितळ बंद. नुसता हळवा कोरस आणि वर एका बाईचा विलाप. धुरात राक्षस तलवार उगारून ठणठणीत उभा, आणि त्याच्यासाठी सुतक सुरू! मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं, मग सगळेच.

मी आवाजाचा फेडर खाली ओढेपर्यंत काकांनी पखवाजावर थाप मारली होती. पेटीवाला लगेच सुरात आला. राक्षसाने पाय आपटला, अर्ध्या मिनिटात लोक हसायचे थांबले. तो पुढे चांगला पाच-सात मिनिटं जगला आणि मग व्यवस्थित मेला.

सकाळी दहीकाला झाल्यावर मी वायरी गुंडाळत होतो. काका चहाचा कप घेऊन आले. मी शिव्यांची तयारी ठेवली होती.

“तां शेवटचां परत लाव बघू. ल्हान आवाजात.”

लावलं. एकच टॉप चालू होता, आवार जवळपास रिकामं. विलाप संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत.

“मेलो कोण?”

“म्हातारा. त्यांचा पुढारी.”

“परत येता काय?”

“येतो. दुसऱ्या भागात. पांढऱ्या कपड्यांत.”

काकांनी पखवाजावर खोळ चढवली, नाडी आवळली.

“मगे येवढे रडले कित्याक?”