टेंभुर्णीच्या पोटातलं आबनूस

दर दिवाळीला मी आबांच्या काठीला जवसाचं तेल लावते. तळाला लोखंडी शेंबी, मूठ हाताने घासून गुळगुळीत, आणि सगळी काठी काळी कुळकुळीत. एका अंगाला मात्र बोटभर तांबूस पट्टा आहे. पाहणाऱ्याला वाटतं, पॉलिश उडालंय. आबा म्हणायचे, "रंग नाही माय तो, लाकूडच तसलं. आबनूस हाय."

आबा किनवटचे सुतार. त्यांच्या लहानपणी किनवट निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होतं. नांदेडला जोडलं गेलं १९५६ साली. चार यत्ता उर्दूत शिकलेले, म्हणून तोंडात 'आबनूस', म्हणजे एबनी, हा शब्द. मला ते कुठल्यातरी लांबच्या देशाचं झाड वाटायचं. तुतनखामेनच्या थडग्यातही आबनुसाच्या वस्तू निघाल्या हे शाळेत वाचलं, तेव्हा तर खात्रीच पटली.

मग एका वैशाखात आबांनी जंगलातून एक वठलेलं खोड आणलं. टेंभुर्णीचं! जिची पिवळी टेंभरं आम्ही खिसे भरून खायचो, कच्चं निघालं की तोंड आवळून यायचं, तीच. करवत चालली तसं बाहेरचं लाकूड फिकट गुलाबी निघालं आणि मध्ये मनगटाएवढा काळा गाभा, वेडावाकडा, शाई सांडल्यासारखा. भुसासुद्धा काळा पडत होता. दर थोड्या वेळाने करवतीला कानस लागत होती. तो तुकडा आबांनी दोन वर्षं सावलीत ठेवला, उन्हात हे लाकूड तडकतं म्हणून. मग काठी केली.

श्रीलंकेचं आबनूस याच कुळातलं, इतकं जड की पाण्यात बुडतं. आपल्या टेंभुर्णीचं शास्त्रीय नाव डायोस्पायरॉस मेलॅनोझायलॉन. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच काळं लाकूड. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गने ते १७९५ साली दिलं. पण अमरकोशात तिंदुकाला, म्हणजे टेंभुर्णीला, त्याच्या कितीतरी आधीपासून 'शितिसारक' म्हटलंय, म्हणजे ज्याचा गाभा काळा. तिथलंच दुसरं नाव 'स्फूर्जक', तडतडणारा. हे वाचलं तेव्हा आजी आठवली. टेंभुर्णीचं जळण ती चुलीत घालू द्यायची नाही, ठिणग्या लुगड्यावर उडतात म्हणून.

आज किनवट-माहूरच्या रानात टेंभुर्णी म्हणजे तेंदूपत्ता. विडीला कोवळं, मऊ पान लागतं, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर झुडपं जमिनीलगत छाटतात. मुळांतून पुन्हा धुमारे फुटतात, पुन्हा छाटतात. झाड मरत नाही, पण कमरेच्या वर जातही नाही. काळा गाभा धरतो तो वयात आलेल्या जाड खोडात. माझी आईही पहाटे चारला उठून पानं तोडायला जायची, त्या पैशांवर माझ्या वह्या आल्या. त्यामुळे छाटणी बंद करा, असं मी कधीच म्हणणार नाही. पण प्रत्येक शिवारात चार-दोन झाडं तरी कोयता न लावता वाढू द्यावीत, असं मला फार मनापासून वाटतं.

आमच्या देवळामागे असं एक उरलंय. साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. गेल्या वैशाखात भाचीला घेऊन गेले, छातीच्या उंचीवर सुतळीने घेर मोजला आणि गाठ मारली. ती सुतळी आबांच्या काठीलाच गुंडाळून ठेवलीय. यंदा टेंभरं पिकली की पुन्हा जाणार आहोत.