पेनांग, हुआ हिन, चिआंग माई: एकट्या निवृत्त माणसासाठी गाव पाहताना

निवृत्तीनंतर परदेशात राहायला गाव शोधण्याची ही फेरी ३० दिवसांची. अहमदाबादहून विमानानं क्वालालंपूर, तिथून मलेशियातलंच पेनांग, मग रेल्वेनं सरहद्द ओलांडून थायलंडातलं हुआ हिन, शेवटी उत्तर थायलंडातलं चिआंग माई आणि बँकॉकहून परत अहमदाबाद. बडोदेकरांना मुंबई गाठण्यापेक्षा हे बरं पडतं. एक्स्प्रेसवेनं दोन तासांत विमानतळ येतो आणि क्वालालंपूर व बँकॉक दोन्हीकडे थेट विमानं मिळतात.

महिना मुद्दाम फेब्रुवारी-मार्च धरला. पर्यटक डिसेंबरात जातात, तेव्हा सगळीच गावं गोड दिसतात. कायम राहायचं तर गाव त्याच्या वाईट दिवसांत पाहावं. बडोदा कुणाला दाखवायचं तर ते मे महिन्यात दुपारी दोन वाजता मांडवीत उभं करून दाखवावं, तसंच. प्रत्येक गावी हॉटेल टाळून स्वयंपाकघर असलेली खोली घेतली आणि देवळं-समुद्र सोडून तीन कामं ठरवली: उपाशीपोटी रक्त तपासून घेणं, बँकेत खात्याची चौकशी करणं, आणि रात्री दहानंतर राहत्या खोलीपासून इस्पितळाच्या इमर्जन्सीच्या दारापर्यंत पोचून पाहणं. तिसऱ्या कामात गावाची खरी परीक्षा होते. दोघं असली तर एकजण गाडी बोलावतो, दुसरा कागद शोधतो. एकट्याला हे सगळं छातीत कळ येत असताना करायचं असतं.

पेनांगला पहिले चार दिवस वाटतं, शोध संपला. इंग्रजी सगळीकडे चालतं. जॉर्जटाउनच्या लिटल इंडियात तूरडाळ, कढीपत्ता, इडलीचं पीठ, केळीच्या पानावरचं जेवण मिळतं. दुकानदार बहुतेक तमिळ, म्हणून तूरडाळ ‘तुवरम परुप्पु’ म्हणून मागितली की पटकन हाती येते. खासगी इस्पितळं मोठी आहेत आणि शेजारच्या इंडोनेशियातून रोगी येत असल्यानं परक्या माणसाची त्यांना सवय आहे. शहर बसनं फिरता येतं. १०१ नंबरची बस जेट्टीवरून गर्नी, तांजुंग तोकोंग करत किनाऱ्यानं पुढे जाते. घर या रस्त्यापासून पाच मिनिटांत असलं तर गाडी लागत नाही.

खोट पायाखाली आहे. जुन्या जॉर्जटाउनमध्ये दुकानांपुढे छपराखालून जाणारे ओटे आहेत, त्यांना ‘काकी लिमा’, म्हणजे पाच फुटी, म्हणतात. दर दुकानापुढे मालक वेगळा, म्हणून फरशी वेगळी आणि उंचीही वेगळी. दहा पावलांत दोनदा पायरी चढायची, एकदा उतरायची. मधेच कुणाची स्कूटर उभी, की खाली रस्त्यावर यायचं, आणि ओटा व रस्ता यांच्यामध्ये उघडं, खोल गटार. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यानं किंवा बायफोकल चष्मा असलेल्यानं जुन्या पेठेत घर घेऊ नये. पुलाऊ तिकुस किंवा तांजुंग तोकोंगकडच्या लिफ्टच्या इमारती पाहाव्यात. भाडेकराराची रीत अशी: दोन महिन्यांचं भाडं अनामत, अर्ध्या महिन्याचं विजेपाण्यासाठी, आणि एका महिन्याचं आगाऊ. म्हणजे किल्ली हातात पडताना साडेतीन महिन्यांची रक्कम जाते.

पण पेनांग अडतं ते व्हिसावर. तिथल्या लांब मुक्कामाच्या ‘माय सेकंड होम’ योजनेची सिल्व्हर श्रेणी २०२४ पासून १,५०,००० अमेरिकन डॉलर मुदतठेव मागते, शिवाय किमान ६,००,००० रिंगिटचं (मलेशियाचं चलन) घर विकत घ्यावं लागतं आणि अर्ज परवानाधारक एजंटामार्फतच करावा लागतो. डॉलर ९० रुपये धरला तर नुसती ठेव १ कोटी ३५ लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, तेव्हा ठेवीची रक्कम मर्यादेत बसते. मात्र १० लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा आगाऊ आयकर) कापते, तो इथे २५ लाख होतो. विवरणपत्र भरल्यावर तो वळता किंवा परत होतो, पण तोवर अडकतो. बडोद्याच्या दांडिया बाजारातला वाडा विकून दोन-तीन कोटी हाती आलेल्याला हे जमेल. पेन्शनवर जगणाऱ्यानं पेनांगला महिनाभर राहून यावं आणि समाधान मानावं.

पेनांगहून हुआ हिनला रेल्वेनं गेलेलं सोपं. जेट्टीवरून फेरीबोटीनं बटरवर्थ, तिथून कोम्युटर गाडीनं दोनेक तासांत सरहद्दीवरचं पाडांग बेसार. मलेशिया सोडण्याचा आणि थायलंडात शिरण्याचा असे दोन्ही शिक्के याच स्टेशनात बसतात. संध्याकाळी बँकॉककडे जाणारी शयनयान गाडी निघते आणि पहाटे हुआ हिनला पोचवते. इथे चुकतं ते घड्याळ: मलेशिया थायलंडच्या एक तास पुढे आहे आणि तिकिटावरची वेळ थाई असते, त्यामुळे लोक उगाच तास-दीड तास फलाटावर बसतात. खालचाच बर्थ घ्यावा. तो रुंदही असतो आणि रात्री उठताना शिडी उतरावी लागत नाही. थायलंडात शिरण्याआधीच्या ७२ तासांत डिजिटल आगमन कार्ड भरायचं, मलेशियासाठीही तसंच वेगळं कार्ड आहे. दोन्ही फुकट असतात. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं की ते खोटं समजावं. व्हिसाशिवाय किती दिवस राहता येतं हे दोन्ही देश अधूनमधून बदलतात, म्हणून तिकिटाआधी दूतावासाच्या पानावर पाहून घ्यावं.

हुआ हिन म्हणजे एक लांब रस्ता, फेटकासेम, आणि त्याच्या दोन्ही अंगांना गल्ल्या, ज्यांना ‘सोइ’ म्हणतात. रस्त्यावरून हिरव्या सोंगथाऊ, म्हणजे वाटेत प्रवासी घेणाऱ्या पिकअप गाड्या, धावतात. आपल्या छकडा रिक्षासारख्याच, मागे दोन बाकं. उतरायचं तेव्हा बटण दाबायचं आणि पैसे खाली उतरून द्यायचे. गंमत इथे आहे: जाहिरातीत दिसणारे स्वस्त, बाग असलेले बंगले फेटकासेमपासून चार-पाच किलोमीटर आत सोइंमध्ये असतात. तिथे सोंगथाऊ जात नाही, रात्री भटकी कुत्री रस्ता अडवतात आणि दुधासाठीसुद्धा स्कूटर लागते. स्कूटरला भारतातून आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना हवा, आणि त्यावर दुचाकीचा शिक्का नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. सत्तरीत नव्यानं स्कूटरचा नाद करू नये. रस्त्यापासून चालत दहा मिनिटांतला, चोवीस तास पहारेकरी आणि खाली कार्यालय असलेला कॉन्डो, म्हणजे इमारतीतली सदनिका, घ्यावा, खोली लहान असली तरी चालेल.

घर पाहताना भाड्याइतकाच वीजबिलाचा प्रश्न विचारावा: बिल वीज मंडळाचं येतं की मालक आपल्या मीटरवर लावतो? मालकाचा दर युनिटला सात-आठ बाटपर्यंत (बाट हे थाई चलन) जातो आणि एसी रोज चालतो, तेव्हा स्वस्त खोली महाग पडते. अनामत दोन महिन्यांची, एक महिना आगाऊ. बडोद्यात एकट्या माणसाला घर देताना दहा प्रश्न विचारतात: खाणंपिणं काय, येणार-जाणार कोण. तिथे विचारतात फक्त अनामतीचं. पण आपण एक विचारायचाच: ‘टीएम ३०’ कोण भरणार? परदेशी माणूस राहायला आला की घरमालकानं २४ तासांत इमिग्रेशनला कळवायचं असतं. ते राहिलं तर पुढे मुदतवाढीच्या खिडकीवर आपण अडकतो, मालक नाही.

थायलंडचा निवृत्ती व्हिसा वयाच्या ५० नंतर मिळतो. दोन वाटा आहेत. ‘ओ-ए’ भारतातून काढायचा: ८,००,००० बाट इतकी शिल्लक किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न, पोलिसांचा दाखला (बडोद्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज करता येतो), क्षय, कुष्ठ, हत्तीपाय वगैरे नसल्याचं डॉक्टरांचं पत्र, आणि आरोग्य विमा. विम्यावरच बहुतेकांचं घोडं अडतं, कारण सत्तरीपुढे नवी पॉलिसी द्यायला कंपन्या कुरकुरतात आणि मधुमेह-रक्तदाब वगळून टाकतात. दुसरी वाट ‘नॉन-ओ’ची: आधी ९० दिवसांचा व्हिसा, मग तिथल्या इमिग्रेशनमध्ये वर्षाची मुदतवाढ, शुल्क १,९०० बाट. यात विम्याची सक्ती नाही, पण आठ लाख बाट थाई बँकेत, स्वतःच्या एकट्याच्या नावावर, अर्जाआधी दोन महिने पडून असावे लागतात. मुदतवाढीनंतर तीन महिने त्यांना हात लावायचा नाही आणि नंतरही शिल्लक चार लाखांखाली जाऊ द्यायची नाही. म्हणजे हे पैसे आपले असून आजारपणात पूर्ण वापरता येत नाहीत. इस्पितळासाठीची गंगाजळी वेगळीच ठेवायला हवी. पर्यटक म्हणून गेलेल्याला बहुतेक शाखा खातं उघडून देत नाहीत, एक शाखा नाही म्हणाली तर त्याच बँकेची दुसरी विचारावी.

पैसे पाठवण्याची वेळ साधली तर टीसीएस वाचतो. बाट पावणेतीन रुपये धरला तर आठ लाख बाट म्हणजे २२ लाख रुपये. एकदम पाठवले तर १२ लाखांवर २ लाख ४० हजार कापले जातात. निम्मे मार्चअखेर आणि निम्मे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाठवले तर वर्षं दोन होतात, दोन्हीकडे १०-१० लाखांची सूट मिळते आणि कपात एकूण ४० हजारांवर येते.

मुदतवाढ मिळाल्यावर दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, उशीर झाला तर २,००० बाट दंड. यापेक्षा महाग चूक म्हणजे ‘री-एन्ट्री परमिट’, म्हणजे परत शिरण्याचा परवाना, न काढता देश सोडणं. घरून फोन येतो, माणूस मिळेल त्या विमानानं निघतो आणि वर्षाची मुदतवाढ तिथल्या तिथे रद्द होते. म्हणून मुदतवाढीच्या दिवशीच ३,८०० बाट भरून अनेक फेऱ्यांचं परमिट पासपोर्टात लावून घ्यावं. एका फेरीचं १,००० ला मिळतं, पण एकट्या माणसाची फेरी कधी एक नसते.

हुआ हिनहून बँकॉक आणि तिथून रात्रीच्या गाडीनं तेरा तासांत चिआंग माई. तीन गावांत हेच स्वस्त आणि राहायला लोभस. तांबड्या सोंगथाऊ गावभर फिरतात, वारोरोत बाजारात भाजी ताजी मिळते, भारताचं वाणिज्य दूतावासही इथे आहे. शाकाहाऱ्यानं ‘जे’ हा शब्द आणि पिवळ्या पताकेवरचं लाल थाई अक्षर लक्षात ठेवावं. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर ‘नाम प्ला’, म्हणजे माशाचं पाणी, पडतंच. ‘जे’मध्ये कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन थाळी जेवणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींचं उलट चांगलं जमतं. ज्वारीचं पीठ आणि गोडा मसाला मात्र घरूनच न्यावा.

आणि मग मार्चची हवा. गाव डोंगरांच्या वाटीत आहे. शेतातली धाटं आणि जंगल पेटतं, धूर वर जायला वाट नसते. दोइ सुतेपचा डोंगर, जो एरवी गल्लीच्या टोकाशी उभा असतो, तो दुपारी बारालाही दिसेनासा होतो. खिडकीच्या चौकटीवर सकाळी पुसलेलं फडकं संध्याकाळी करडं होतं. फेब्रुवारी ते एप्रिल असंच, मेच्या पावसानं सुटका होते. दमा, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट विकार) किंवा हृदयाचं दुखणं असलेल्यानं हे गाव बारा महिन्यांसाठी धरू नये. धडधाकट माणसानंही ते तीन महिने हुआ हिनला किंवा घरी काढण्याचा खर्च हिशेबात आधीच मांडावा.

आमचा कौल: पेन्शनर एकट्यानं पहिलं वर्ष कायमचं जाऊच नये, पाच महिने जावं. थायलंडात वर्षात १८० दिवस झाले की तिथला करनिवासी होतो, आणि २०२४ पासून बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर तिथे कर लागू शकतो. इकडे अनिवासी झालं की बचतखातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करावं लागतं, ठेवींच्या व्याजावर ३० टक्क्यांच्या घरात टीडीएस जातो आणि तो टाळायला ज्येष्ठ नागरिक बँकेत देतात ते ‘कर कापू नये’ असं घोषणापत्र भरता येत नाही. सगळं उत्पन्न मुदतठेवींवर असलेल्याला हा फटका मोठा आहे. इथली मेडिक्लेम परदेशात बहुधा चालत नाही, तरी बंद करू नये. परत आल्यावर नवी घेतली तर जुन्या आजारांसाठीची प्रतीक्षेची मुदत पुन्हा पहिल्यापासून.

भारतातलं सिम जिवंत ठेवणं हे सगळ्यांत क्षुल्लक आणि सगळ्यांत जास्त राहून जाणारं काम. ओटीपी त्यावरच येतो, आणि तो नसेल तर बँक, आधार, विवरणपत्र सगळं थांबतं. रोमिंग निघायच्या आधी सुरू करून घ्यावं. नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, पण ते एकदा बडोद्यात करून पाहिलेलं असावं. औषधांची चिठ्ठी मूळ औषधाच्या नावानं लिहून घ्यावी, आपले ब्रँड तिथे कुणी ओळखत नाही. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या (अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम) आणि ट्रॅमाडॉल यांवर निर्बंध आहेत. तीस दिवसांपुरत्याच आणि डॉक्टरांच्या पत्रासह न्याव्यात.

थायलंडात रुग्णवाहिकेचा नंबर १६६९, मलेशियात ९९९. अतिदक्षता विभागात यंत्रावर ठेवायचं की नाही, हे आधी लिहून ठेवण्याची सोय थायलंडच्या २००७ च्या आरोग्य कायद्यात आहे. मोठ्या इस्पितळात तो कागद विचारून भरावा, एक प्रत घरी कुणाकडे तरी पाठवावी.

बडोद्याच्या रावपुऱ्यात दुधाची पिशवी नऊपर्यंत दाराला लटकलेली दिसली की शेजारी कडी वाजवतो. कॉन्डोत दाराला काही लटकत नाही, म्हणून ती पिशवी आपण लटकवायची. थायलंडचे साडेआठ म्हणजे बडोद्याचे सात. रोज त्या वेळी एकाच ठरलेल्या माणसाला एक संदेश. इकडे नऊपर्यंत तो आला नाही तर त्या माणसानं आधी फोन करावा, मग इमारतीच्या कार्यालयाला. कार्यालयातल्या माणसाला इंग्रजी येईलच असं नाही, म्हणून ‘खोली क्रमांक अमुक, दार उघडून पाहा’ एवढं थाईत लिहून घेऊन बडोद्यातल्या त्या फोनमध्ये आधीच साठवून ठेवावं, आणि जादा किल्ली कार्यालयात सहीनिशी ठेवावी. आतून साखळी लावून झोपू नये.