ट्रॅक्टरमागची जुनी ग्रॅपल क्रेन: पाहणी, खरेदी आणि दुरुस्तीचा माझा अनुभव

ओंडके उचलायची जुनी क्रेन पाहायला गेलं की विकणारा आधी लिव्हर हातात देतो. बूम (क्रेनचा लांब हात) वर जाते, खाली येते, ग्रॅपल (ओंडका धरणारा पंजा) उघडतो, मिटतो. पाहणाऱ्याचं निम्मं मन तिथेच बनतं. मी लिव्हरला हात सगळ्यात शेवटी लावला. सील, होज (ऑइलचे रबरी पाइप), फिल्टर, ऑइल या बदलण्यासाठीच असलेल्या वस्तू आहेत आणि त्या कुठेही मापावरून मिळतात. सांध्यांतल्या पिनची भोकं लंबगोल झाली असतील, पिलरचा (क्रेनच्या उभ्या खांबाचा) पाया तडकला असेल किंवा स्ल्यूचे (क्रेन फिरवणाऱ्या यंत्रणेचे) दाते गेले असतील, तर मात्र स्वस्तात मिळालेली क्रेन फार महागात पडते. म्हणून आधी लोखंड तपासलं, मग ऑइल. दुरुस्तीचा क्रमही तोच ठेवला.

क्रेन किती मोठी हवी हे ओंडक्यावरून ठरवलं. ताज्या तोडलेल्या लाकडाचं वजन ढोबळपणे घनमीटरला 1000 किलो धरायचं. 30 सेंमी व्यासाचा, 3 मीटर लांबीचा ओंडका 0.21 घनमीटर भरतो, म्हणजे 200 किलोच्या थोडा वर. 40 सेंमी व्यास आणि 4 मीटर लांबी झाली की तोच आकडा 500 किलोवर जातो. व्यास दुप्पट झाला की वजन चौपट होतं, हे नजरेला पटकन कळत नाही. क्रेनच्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा बहुतेक वेळा बूम जवळ घेतलेल्या स्थितीतला असतो. कामाचा आकडा पूर्ण पसरलेल्या बूमचा. 30 किलोन्यूटन-मीटरची क्रेन 6 मीटरवर हिशेबाने 500 किलो उचलते, पण त्यात ग्रॅपल आणि रोटेटरचं (ग्रॅपल फिरवणाऱ्या भागाचं) वजन धरलेलं आहे का, आणि बूमचं स्वतःचं वजन वजा केलंय का, हे तक्त्यात पाहावं लागतं. ग्रॅपल-रोटेटरच सहज शंभर-सव्वाशे किलो खातात.

पाहणीला बरोबर घेतलं ते साधंच: टॉर्च, तारेचा ब्रश, पहार, व्हर्नियर, 250 बारचं प्रेशर गेज आणि खडू.

पिन-बुशचा प्ले (पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, यांच्यातली मोकळीक) पाहायला ग्रॅपल जमिनीवर टेकवून बूमचं वजन उतरवलं आणि मग लिव्हरने अगदी सावकाश उचलायला लावलं. बूम हलायच्या आधी पिन भोकात किती सरकते ते बाजूला उभं राहून दिसतं. आडवा प्ले बूमचं टोक हाताने ढकलून कळतो. टोकाला बरंच हललं म्हणून घाबरून जायचं नाही, हिशेब करायचा: पिनचे दोन आधार 100 मिमी अंतरावर असतील आणि तिथे 1 मिमी प्ले असेल, तर 5 मीटरवर टोक 50 मिमी हलतं. खरा प्रश्न हा की झीज कुणाची? पिन आणि बुश झिजले असतील तर ते बदलायचे. पण बुश आपल्या घरात फिरायला लागला असेल तर घरच खराब झालंय. तिथे भोक जागेवर बोअर करून मोठ्या बाहेरच्या व्यासाचा बुश बसवावा लागतो. पिनच्या डोक्याची लॉकपट्टी तुटलेली किंवा वेल्ड करून चिकटवलेली दिसली, तर ती पिन बहुधा घरात फिरत होती असं समजावं.

स्ल्यूचा प्ले वेगळा मोजायचा, नाहीतर पिनच्या प्लेमध्ये तो मिसळून जातो. पिलर आणि स्थिर घर यांच्यावर खडूने एकच सरळ रेघ मारली, टोक ढकललं, आणि रेघेचे दोन तुकडे किती सरकतात ते पाहिलं. हे मधल्या स्थितीत आणि दोन्ही टोकांना करायचं. रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि तिने फिरणारं दातेरी चाक) असलेल्या क्रेनमध्ये झीज रोजच्या फिरण्याच्या पट्ट्यात जास्त होते, टोकाचे दाते जवळजवळ नवे राहतात. अशा क्रेनमध्ये मधला प्ले काढायला रॅकचा आधार आवळला की टोकाला फिरताना ती जाम होते. थोडा प्ले चालतो. धक्क्यागणिक ठोकल्याचा आवाज येत असेल तर नाही.

स्ल्यूच्या घरातलं ऑइल फार बोलकं असतं. पातळी खुणेच्या वर असेल तर विकणाऱ्याने उदारपणे भरलंय असं समजू नये. स्ल्यू सिलिंडरच्या सीलमधून हायड्रॉलिक ऑइल आत उतरत असतं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. बोटांत चोळल्यावर चमकदार कण लागले तर दाते किंवा खालचा बुश.

तडे शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: पिलरच्या पायाचा वेल्ड, मुख्य बूमवर सिलिंडरचा कान जिथे संपतो तो वेल्डचा शेवट, टेलिस्कोपच्या (बूमच्या सरकून लांबणाऱ्या भागाच्या) बाहेरच्या नळीचं तोंड, आणि आउटरिगरचे (जमिनीवर टेकवायच्या आधारपायांचे) कोपरे. रंगाखालून तपकिरी रेघ झिरपली असेल तर तिथे तारेचा ब्रश मारायचा. नेमक्या या जागांवर ताजा रंग दिसला की मी जास्त वेळ घालवतो. शंका असेल तर डाय पेनिट्रंट: जागा स्वच्छ करून लाल द्रव मारायचा, 10 ते 20 मिनिटं थांबायचं, कापडाने पुसायचा आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. तडा असेल तर लाल रेघ उमटते. डबे छोटे मिळतात आणि खिशाला जड नाहीत.

मग लिव्हर. थंड असताना सगळ्या हालचाली, आणि अर्धा तास चालवून ऑइल तापल्यावर पुन्हा त्याच. थंड असताना जोमदार आणि तापल्यावर मंद होत असेल तर पंप झिजलाय, हा पहिला संशय. तापलेलं ऑइल पातळ होतं आणि झिजलेल्या गिअरच्या फटीतून मागे पळतं. इंजिनाची गती वाढवली की ताकद परत येत असेल तर संशय पक्काच.

बूम आपोआप खाली बसते का हेही तापल्यावरच पाहायचं, ओंडका उचलून, इंजिन बंद करून, रॉडवर खूण करून. बूम बसली की सरसकट पिस्टनच्या सीलवर खापर फोडलं जातं, पण वजन रॉडला आत ढकलत असेल तर नुसतं पिस्टन सील गळून बूम बसत नाही. सील गळालं तर तळाचं ऑइल वरच्या बाजूला जाईल. पण रॉड आत शिरायचा असेल तर रॉडच्या आकारमानाइतकं ऑइल सिलिंडरबाहेर पडावंच लागतं. व्हॉल्व्हने दोन्ही वाटा बंद केल्या असतील तर ते जाणार कुठे? आतला दाब चढतो आणि बूम थांबते. म्हणजे बूम सतत बसत असेल तर एखादी वाट उघडी आहे: स्पूल (व्हॉल्व्हमधली सरकती दांडी) झिजलाय, शॉक व्हॉल्व्हच्या (जास्तीचा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) सीटवर कचरा अडकलाय, किंवा चढलेल्या दाबाने तो उघडतोय. सील किट आणण्याआधी हे तपासलं तर पैसे आणि एक दिवस दोन्ही वाचतात.

पिस्टन सील तपासायची पद्धत अशी. रॉड पूर्ण बाहेर, बूमला खालून भक्कम आधार, इंजिन बंद, लिव्हर चारी बाजूंना हलवून दाब सोडलेला. रॉडच्या बाजूचा होज काढून होजच्या तोंडाला बूच, सिलिंडरच्या तोंडाखाली डबा. मग इंजिन चालू करून फक्त तळाच्या बाजूला दाब द्यायचा. डब्यात धार लागली तर सील गेलं; दोन-चार थेंब पडून थांबलं तर सील ठीक आहे.

ट्रॅक्टरशी जमवणं हा वेगळा विषय. क्रेनच्या व्हॉल्व्हला किती लिटर आणि किती बार लागतात ते पाटीवर असतं. ट्रॅक्टरचा स्वतःचा प्रवाह पुरत नसेल तर पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) पंप. 60 सीसीचा पंप 540 फेऱ्यांना मिनिटाला सुमारे 32 लिटर देतो. 32 गुणिले 180 बार, भागिले 600 केलं की 9.6 किलोवॅट, नुकसान धरून पीटीओवर साधारण 12. जुन्या क्रेनवर बरेचदा ओपन सेंटर व्हॉल्व्ह (लिव्हर मधोमध असताना ऑइल टाकीकडे मोकळं जाऊ देणारा) असतो. तो क्लोज्ड सेंटर (त्या स्थितीत वाट बंद ठेवणाऱ्या) ट्रॅक्टरला तसाच जोडला तर ट्रॅक्टरचा पंप रिकामा असतानाही ऑइल पळवत राहतो आणि ऑइल तापतं. स्वतंत्र पंप आणि स्वतंत्र टाकी घेतली की हा गुंता सुटतो, शिवाय क्रेनचा कचरा ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये जात नाही. मी हाच मार्ग धरला. सक्शनचा (टाकीतून पंपाकडे ऑइल ओढणारा) होज जाड आणि आखूड, टाकी पंपापेक्षा उंचावर, क्लिपा दुहेरी. पंपातून खडी दळल्यासारखा आवाज आला की तो सक्शनकडे ऑइल कमी पडत असल्याचा किंवा हवा ओढत असल्याचा. टाकीत फेस दिसला तर हवाच.

दुरुस्तीला सुरुवात तड्यांपासून. तड्यावर नुसती वेल्डची रेघ ओढली तर तो बाजूने पुन्हा निघतो. तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडायचं, पूर्ण खोलीपर्यंत व्ही खाच घासायची, पुन्हा पेनिट्रंट मारून तडा खरंच संपलाय का पाहायचं, मगच भरायचं. 7018 जातीचे इलेक्ट्रोड (वेल्डिंगच्या कांड्या) ओव्हनमध्ये 300 ते 350 अंशांवर वाळवलेले हवेत. दमट इलेक्ट्रोडमधला हायड्रोजन नवा तडा देतो. वर पट्टी लावायची असेल तर तिची टोकं निमुळती ठेवायची आणि बूमच्या ताण पडणाऱ्या बाजूवर आडवा वेल्ड टाळायचा. बूमला आडवा छेद देणारा तो एक वेल्डच पुढच्या तड्याचं मूळ होतो. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी जवळ, कारण लांब लावला तर करंट पिन आणि सिलिंडरमधून जाऊन त्यांच्यावर खड्डे पाडतो. बॅटरी आणि अल्टरनेटर सोडवलेले.

बुश बसवताना हातोडी नको. बुश डीप फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवले आणि आटे असलेल्या दांड्याने ओढून घेतले. दाबून बसवल्यावर आतला व्यास थोडा आकसतो, त्यामुळे पिन जाईना म्हणून बुश चुकीचा आला असं नसतं; रीमर फिरवावा लागतो. ग्रीसची वाट दुसऱ्या बाजूपर्यंत उघडी आहे हे पिन घालायच्या आधी पाहिलं. जुन्या पिन कोरड्या झिजण्याचं कारण बहुतेकदा निपलमागे दगडासारखं झालेलं ग्रीस असतं.

सिलिंडर उघडताना रॉड हवेच्या दाबाने बाहेर काढायचा मोह होतो. तो टाळावा, रॉड गोळीसारखा सुटतो. सी-पान्याने ग्लँड (सिलिंडरच्या तोंडाचं झाकण) सोडवून रॉड सरळ ओढायचा. रॉडवर नख अडकेल असा ओरखडा किंवा क्रोमखाली गंजाचा खड्डा असेल तर नवं सील थोडेच दिवस टिकेल, रॉडचंच काम करावं लागेल. सीलची मापं जुन्या सीलवरून घ्यायची नाहीत, ती ताणली गेलेली असतात. रॉडचा व्यास, बोअर आणि खाचेची खोली-रुंदी मोजायची. यू-सीलचं ओठ दाबाच्या बाजूला, वायपरचं (रॉडवरची धूळ पुसणाऱ्या सीलचं) बाहेर. पॉलियुरेथेनचं सील कोमट ऑइलमध्ये ठेवलं की लवचिक होतं. 80 मिमी बोअरचा सिलिंडर 180 बारला सुमारे 9 टन ढकलतो, तेव्हा पिस्टनचा नट लॉक करायला कंटाळा करून चालत नाही.

होजच्या टोकांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. अर्धा इंच बीएसपी आणि 8 नंबरचं जेआयसी हे टोकांचे दोन प्रकार हातात सारखेच वाटतात, पण आट्यांचा बाहेरचा व्यास पहिल्याचा जवळजवळ 21 मिमी, दुसऱ्याचा 19. कोनही वेगळे, 60 आणि 74 अंश. दोन-तीन आटे बसतात, गळती मात्र कायम राहते. व्हर्नियर आणि आटे मोजायचा गेज नसेल तर जुनी टोकंच न्यावीत. दोन तारांच्या अर्धा इंच होजचा कामाचा दाब 275 बार असतो, तो इथे पुरतो. रोटेटरजवळचे होज मात्र पिळवटतात, तिथे लांबी जरा सैल. बारीक गळती हाताने चाचपू नये. सुईच्या भोकातून निघालेली धार कातडीत शिरते, जखम किरकोळ दिसते, पण ती तातडीच्या शस्त्रक्रियेची वेळ असते. पुठ्ठा फिरवून गळती शोधावी.

ऑइल उष्ण हवेसाठी व्हीजी 46 (हा आकडा ऑइलच्या घट्टपणाचा), थंडीत 32. नवं ऑइल फिल्टरमधूनच भरलं. दाब सेट करताना रिलीफ व्हॉल्व्हचा (कमाल दाब ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचा) स्क्रू पूर्ण सैल करून सुरुवात केली, गेज लावलं, एक सिलिंडर टोकाला टेकवला आणि पाव फेरीने वाढवत पाटीवरच्या आकड्याला थांबलो. ताकद कमी वाटली म्हणून 20 बार वर चढवणाऱ्यांच्या क्रेनलाच पिलरला तडे दिसतात.

पहिलं काम छोट्या ओंडक्यांवर, आउटरिगर टेकवून, पीटीओ 400 ते 450 फेऱ्यांवर. सिलिंडरमधली हवा जाईपर्यंत हालचाली धक्क्याने होतात, तेव्हा वजन न घेता प्रत्येक सिलिंडर हळू पूर्ण पसरवून मिटवायचा. ओंडका मध्यापासून थोडा जाड बुंध्याकडे धरला की समतोल राहतो. जमिनीत रुतलेला ओंडका बूम फिरवून ओढायचा नाही. स्ल्यूचे दाते त्यासाठी बनवलेले नसतात. वीजतारांखाली आणि माणसाच्या डोक्यावरून बूम नेऊ नये, हे तर आहेच.

पहिल्या 50 तासांनंतर रिटर्न फिल्टर बदलला, पायाचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासले आणि स्ल्यूच्या घरातली पातळी पाहिली. पातळी खुणेवरच होती. ग्रीस दर 8 ते 10 तासांनी, बाहेर स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत.