ब्रुकवूडला टाटांच्या समाधींपाशी

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवरून ब्रुकवूडला थांबणारी गाडी धरायची. वोकिंगनंतरचंच हे स्टेशन, पण फास्ट गाड्या इथे थांबत नाहीत. फलकावर नाव बघूनच चढावं. दक्षिणेच्या बाजूने बाहेर पडलं की दफनभूमी सुरू. आवार अफाट आहे आणि लष्करी दफनभूमीच्या पाट्यांमागे गेलं की पारशी विभाग हमखास चुकतो. नकाशा आधीच उतरवून घ्यावा. पावसानंतर गवतात पाय रुततात, तेव्हा बूट जाडच हवेत.

इंग्लंडमध्ये दख्मा, म्हणजे पारशी लोक मृतदेह ठेवतात तो मनोरा, नाही, म्हणून १८६२ पासून पारशी मंडळींनी इथे जागा घेतली. झाडांच्या सावलीत दगडी समाधी उभ्या आहेत. जमशेटजी १९०४ मध्ये जर्मनीत बाड नाउहाइमला वारले, त्यांना इथे आणलं. धाकटे चिरंजीव सर रतन १९१८ मध्ये कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजला गेले, तेही वडिलांजवळच आहेत.

इथे उभं राहिलं की वारशाचा प्रश्न नीट कळतो. सर रतन आणि त्यांचे थोरले भाऊ सर दोराबजी, दोघांनाही अपत्य नव्हतं. सर रतन यांच्या संपत्तीतून १९१९ मध्ये ट्रस्ट झाला. त्यांच्या पत्नी नवजबाईंनी पारशी अनाथाश्रमातल्या नवलना दत्तक घेतलं. २०२४ मध्ये गेलेले रतन टाटा हे या नवल यांचे पुत्र. म्हणजे आडनाव दत्तकविधानाने पुढे गेलं आणि मालमत्ता ट्रस्टकडे. आजही टाटा समूहाची मुख्य कंपनी असलेल्या टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के समभाग ट्रस्टांकडेच आहेत.

थोरले सर दोराबजी आणि मेहेरबाई यांच्यापाशी मात्र पाय जरा जास्त वेळ थांबतात. मेहेरबाईंकडे २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरा होता, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ मध्ये जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात पगाराला पैसे उरले नाहीत, तेव्हा दोराबजींनी पत्नीच्या दागिन्यांसकट खासगी मालमत्ता इंपीरियल बँकेत गहाण टाकली आणि एक कोटीचं कर्ज उभं केलं. कारखाना सावरला, हिराही सुटला.

१९३१ च्या जूनमध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी या रोगाच्या संशोधनासाठी त्यांच्या नावे ट्रस्ट केला, आणि स्वतःची सारी मालमत्ता, तो हिरासुद्धा, दुसऱ्या ट्रस्टला देऊन टाकली. परळचं टाटा रुग्णालय १९४१ मध्ये त्याच पैशांतून उभं राहिलं.

मेहेरबाईंच्या वर्षश्राद्धाला इथे यायला दोराबजी निघाले होते. वाटेत जर्मनीतल्या बाड किसिंगेनला ३ जून १९३२ रोजी त्यांनी प्राण सोडला. आता ते मेहेरबाईंच्या शेजारीच आहेत.