उशिरा वेग घेणारं हृदय: सलग 5 किलोमीटरपर्यंतची नोंद

या रविवारी सलग 5 किलोमीटर धावले. मध्ये चालले नाही, थांबले नाही. वेळ 41 मिनिटं. हृदय प्रत्यारोपणानंतरची ही माझी पहिली सलग धाव, म्हणून इथवरचा सराव एका जागी लिहून ठेवते आहे. नव्या अवयवासोबत धावू पाहणाऱ्यांना त्याचा उपयोग होईल. ज्यांचं हृदय जन्मापासूनचं आहे, त्यांना आपल्या शरीरात किती गोष्टी न सांगता घडतात ते यातून कळेल.

आधी हृदयाचं सांगते, कारण माझं सगळं वेळापत्रक त्यावरच बसवलेलं आहे. शस्त्रक्रियेत रक्तवाहिन्या जोडल्या जातात, पण हृदयाकडे येणारे मज्जातंतू कापलेले असतात आणि ते जोडता येत नाहीत. एरवी आराम करताना वेगस मज्जातंतू हृदयाला आवर घालून ठोके खाली ठेवतो. तो आवर गेला की नुसतं बसलेलं असतानाही ठोके मिनिटाला 90 ते 110च्या आसपास राहतात. धावायला सुरुवात केली की मेंदूचा निरोप तंतूंवाटे क्षणात पोचतो, तोही मार्ग बंद. मग हृदयाला वाट बघावी लागते ती रक्तातून येणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनची. त्याला काही मिनिटं लागतात. थांबल्यावरही तेच उलट्या क्रमाने होतं: रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन ओसरेपर्यंत ठोके वरच राहतात.

माझ्या डायरीतली सुरुवातीच्या दिवसांतली एक नोंद बघा. उभी असताना ठोके 102. वॉर्म-अप न करता हळू धाव सुरू केली. पहिल्या मिनिटाअखेर 105. पाय जड, धाप लागलेली, तोंडातून पूर्ण वाक्य निघत नव्हतं. चौथ्या मिनिटाला 121, आणि तिथे दम जरा सुसह्य झाला. सहाव्या मिनिटाला थांबले तेव्हा 128. थांबून उभी होते तरी आकडा चढतच राहिला, 133 पर्यंत गेला आणि बराच वेळ तिथेच होता. म्हणजे सगळ्यात जास्त त्रास होत होता तेव्हा घड्याळ जवळजवळ विश्रांतीचा आकडा दाखवत होतं, आणि मी उभी राहून श्वास घेत होते तेव्हा सर्वांत मोठा.

म्हणून कमाल ठोके काढायचं 220 वजा वय हे सूत्र, त्यावरून ठरणारे हार्ट रेट झोन वगैरे माझ्यासाठी बाद. त्याऐवजी बोर्ग स्केल वापरते. 6 ते 20 अशी ती मोजपट्टी आहे: 6 म्हणजे काहीच श्रम नाहीत, 20 म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. सोपी धाव 11 ते 13 मध्ये ठेवायची, म्हणजे सोबतच्या माणसाशी वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. घड्याळ अजूनही बांधते, पण अंतर आणि वेळ यांच्यासाठी. ठोके फक्त घरी आल्यावर लिहून ठेवते.

वॉर्म-अप हा माझ्या सरावातला सर्वांत न चुकवण्याचा भाग आहे. 15 मिनिटं. आधी साधं चालणं, मग भरभर चालणं, मग अर्धा मिनिट धाव आणि एक मिनिट चाल असं काही वेळा. या काळात हृदयाला पायांची मदत होते. पोटऱ्या आणि मांड्या आकुंचन पावतात तसं रक्त वर ढकललं जातं, हृदय जास्त भरतं आणि भरलेलं हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त बाहेर टाकतं. ठोके वाढलेले नसतानाही काम निभतं ते यामुळे. शेवटी अचानक थांबायचं नाही याचंही कारण हेच: पाय थांबले की रक्त खालीच साचतं आणि चक्कर येऊ शकते. माझा कूल-डाउन 10 मिनिटांचा, घाई असेल त्या दिवशी धाव कमी करते, कूल-डाउन नाही.

आता पायांबद्दल. बाहेरच्या लोकांना वाटतं अडचण हृदयाची असेल. पण प्रत्यारोपणापर्यंत पोचलेल्या माणसाचे स्नायू आजारपणात आधीच झडलेले असतात, आणि वर प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड नेमकं मांड्या आणि खुब्याच्या स्नायूंवर घाव घालतं. शिवाय हाडं विरळ होतात. छातीचं हाड जुळून येईपर्यंत हातांवर भार द्यायचा नसतो, त्यामुळे सुरुवातीला खुर्चीतून उठणं हाच माझा व्यायाम होता. हात छातीवर दुमडायचे, टाचा खुर्चीजवळ आणायच्या, पुढे झुकायचं आणि फक्त मांड्यांच्या जोरावर उभं राहायचं. बसताना धप्पकन बसायचं नाही, सावकाश उतरायचं. पहिल्या दिवशी मांड्या थरथरत होत्या. फिजिओथेरपिस्टने खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवून दिली आणि पुढे ती उशी काढून टाकली. उशीविना उठले तो दिवस मला पहिल्या किलोमीटरपेक्षाही मोठा वाटतो. आजही आठवड्यातून दोनदा स्क्वॉट, पायऱ्या आणि टाचा उचलण्याचा व्यायाम करते. धावण्याचे दिवस तीन, त्यांच्यामध्ये किमान एक दिवस मोकळा.

धाव-चाल कशी वाढवली त्यात विशेष काही नाही. एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, मग धाव वाढत गेली आणि चाल कमी होत गेली. श्रम 13 च्या वर गेले की पुढच्या आठवड्यात वाढ नाही, एवढा एकच नियम.

औषधांच्या वेळा मात्र धावण्याच्या वेळा ठरवतात. शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस दर 12 तासांनी घ्यायचं. रक्तातली पातळी तपासायची असेल त्या सकाळी रक्त दिल्यानंतरच गोळी, म्हणून त्या दिवशी मी सकाळची धाव ठेवतच नाही. लांब धाव असेल तर गोळी कमरेच्या पाऊचमध्ये बरोबर असते. टॅक्रोलिमसचा भार मूत्रपिंडांवर पडतो, त्यामुळे पाणी कमी पडू द्यायचं नाही आणि गुडघा दुखला म्हणून आयबुप्रोफेनसारखी गोळी मनाने घ्यायची नाही. धावणाऱ्यांच्या पिशवीत ती सर्रास असते आणि प्रेमाने पुढेही केली जाते. प्रेमानेच नको म्हणा. याच औषधाने मॅग्नेशियम कमी होऊन पोटऱ्यांत गोळे येऊ शकतात, तेव्हा वारंवार गोळे येत असतील तर रक्ततपासणीचं विचारा. प्रतिकारशक्ती दाबलेली असल्यामुळे त्वचेच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. मी ऊन चढायच्या आत परत येते, बाह्या पूर्ण आणि सनस्क्रीन ढगाळ दिवशीही. ताप किंवा घशात खवखव असेल तर धाव नाही, आधी डॉक्टरांना फोन.

आणि एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहावीशी वाटते. मज्जातंतू नसल्यामुळे या हृदयाला रक्त कमी पडलं तरी छातीत दुखेलच असं नाही. प्रत्यारोपित हृदयाच्या रक्तवाहिन्या हळूहळू अरुंद होण्याचा धोका असतो, आणि त्यासाठीच ठरावीक काळाने अँजिओग्राफी होते. आपल्या हाती असलेली खूण म्हणजे नेहमीचा वेग अचानक जड जाणं. गेल्या आठवड्यात 12 वाटलेली धाव या आठवड्यात 16 वाटली, घोट्यांना सूज आली, दोन-तीन दिवसांत वजन वाढलं, आडवं पडल्यावर धाप लागली, ठोके अनियमित वाटले, तर सराव बंद आणि त्याच दिवशी रुग्णालयाशी संपर्क. श्रमाचा आकडा दर धावेनंतर लिहायचा तो यासाठी. तपासणीला जाताना मी डायरी बरोबर नेते आणि डॉक्टर ती खरोखर वाचतात.

यापुढे इंटरव्हल, म्हणजे जोराचे छोटे टप्पे आणि मध्ये हलकी चाल, सुरू करते आहे. प्रत्यारोपित हृदयाला जोराचे श्रम झेपणार नाहीत असं पूर्वी मानलं जायचं. नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्कमधल्या रुग्णांवरचा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्यारोपणानंतर काही महिन्यांच्या आतच देखरेखीखाली उच्च तीव्रतेचे इंटरव्हल करून घेतले, आणि मध्यम व्यायाम करणाऱ्या गटापेक्षा या गटाची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता जास्त वाढली. मला हे वाचून फार बळ आलं. तरीही स्ट्रेस टेस्ट करून, टीमची परवानगी मिळाल्यावरच मी हो म्हटलं, आणि पहिले काही इंटरव्हल पुनर्वसन केंद्रातल्या ट्रेडमिलवर ईसीजी लावूनच होणार आहेत.

समोर ध्येय म्हणून जागतिक प्रत्यारोपण क्रीडास्पर्धा आहेत. 1978 मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथला त्या पहिल्यांदा झाल्या, 2023 मध्ये पर्थला आणि 2025 मध्ये ड्रेस्डेनला. 1967 मध्ये केप टाउनला ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं तेव्हा रुग्ण 18 दिवस जगला होता. तिथून अकरा वर्षांनी प्रत्यारोपण झालेली माणसं मैदानावर उतरली, हे मी पुन्हा पुन्हा वाचते. भाग घ्यायला प्रत्यारोपण होऊन किमान एक वर्ष झालेलं असावं लागतं आणि अवयवाचं काम स्थिर असावं लागतं. या मेळाव्यात दात्यांच्या कुटुंबांचाही सन्मान होतो. माझा दाता कोण ते मला ठाऊक नाही. त्यांच्या घरच्यांना समन्वयकामार्फत नाव न घालता एक पत्र पाठवलं आहे आणि रविवारच्या 5 किलोमीटरबद्दल दुसरं लिहिते आहे.

पुढच्या टप्प्याचा बेत असा: आठवड्यात एक इंटरव्हलचा दिवस, 4 मिनिटांचे 4 टप्पे, मध्ये 3 मिनिटं चाल, श्रम 16 ते 17 पर्यंत. बाकी दोन धावा 12 च्या आत. अंतर सध्या 5 किलोमीटरवरच ठेवणार. पुढची अँजिओग्राफी झाली आणि अहवाल चांगला आला की 6 कडे बघेन. मांडीच्या व्यायामात वजन कधी आणि किती वाढवलंत ते, प्रत्यारोपणानंतर स्टेरॉइडवर असलेल्यांनी, जरूर कळवा. त्याबद्दलचे अनुभव मला हवे आहेत.