अरवनाचे खळे आणि शलमोनाचे राऊळ

गेल्या उन्हाळ्यात गावाकडच्या पडीक रानात पुतण्याला हाताशी घेऊन मी फक्कीने एक आखणी केली. आयुष्यभर इमारतींच्या आखण्या केल्यामुळे दोरी, खुंट्या आणि गुण्या ही माझी सवयीची साधने आहेत. पण या वेळी टेप मुद्दाम घरी ठेवला होता. शलमोन राजाने जेरुसलेममध्ये बांधलेल्या मंदिराची मापे बायबलमध्ये हातांत दिलेली आहेत, म्हणून ती हातानेच मोजायची असे मनाशी ठरवले होते. माझा हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, साडेसतरा इंच भरतो. त्या हिशेबाने ६० हात लांबी म्हणजे साडेसत्याऐंशी फूट आणि २० हात रुंदी म्हणजे एकोणतीस फूट दोन इंच. चारी कोपरे जुळले तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, एवढंच?"

त्याचे म्हणणे खरे होते. ज्या वास्तूचे नाव जगभर तीन धर्मांचे लोक अडीच हजार वर्षांहून अधिक काळ घेत आले, तिची आतली जागा जेमतेम अडीच हजार चौरस फूट होती. त्यात ४० हातांचे सभास्थान, आणि त्याच्या मागे २० हात लांब, २० हात रुंद आणि २० हात उंच असा बिनखिडकीचा, काळोखा गाभारा. पुढे १० हात खोलीची देवडी वेगळी. पण हा लहानपणा समजून घ्यायचा तर तिथे गर्दीने जमणे अपेक्षितच नव्हते, हे आधी लक्षात घ्यावे लागते. लोक अंगणात असत, होम अंगणात होई, आणि आत फक्त याजक, म्हणजे पुजारी, जात. हिब्रू मजकुरात या इमारतीला बहुतेक वेळा साधे 'बयित', म्हणजे घर, असेच म्हटले आहे. मधल्या सभास्थानाला 'हेखाल' हा शब्द आहे आणि त्याचा दुसरा अर्थ राजवाडा असा आहे. तो मूळ सुमेरी भाषेतल्या 'मोठे घर' या अर्थाच्या शब्दावरून अक्कडी भाषेमार्गे आला. मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागू नये, कारण आपले राऊळही राजकुलावरूनच आले आहे. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले यहुदी, आपल्या सिनेगॉगमध्ये (प्रार्थनाघरात) तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ज्या कपाटात ठेवतात त्याला आजही हेखल म्हणतात, आणि ते पश्चिमेच्या भिंतीला असते, कारण इथून जेरुसलेम पश्चिमेला आहे.

मला मात्र इमारतीपेक्षा आधी जागेने धरून ठेवले. बायबलमधल्या शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात ही जागा कशी मिळाली ते सांगितले आहे. देशात मरी पसरली होती आणि ती थांबावी म्हणून शलमोनाच्या बापाला, दावीद राजाला, अरवना नावाच्या यबूसी (जेरुसलेमच्या मूळ रहिवाशांपैकी) माणसाच्या खळ्यावर वेदी बांधायला सांगण्यात आले. राजा दारी आलेला पाहून अरवनाने खळे देऊ केले, होमासाठी बैल देऊ केले, सरपणाला मळणीची अवजारे आणि बैलांचे जू देऊ केले, आणि हे सारे फुकट देऊ केले. दावीदाने ते घेतले नाही. ज्याचे मोल मी दिले नाही ते मी माझ्या देवाला अर्पण करणार नाही, असे तो म्हणाला आणि त्याने खळे व बैल मिळून ५० शेकेल चांदी मोजली. जेरुसलेमभोवतीच्या यहूदाच्या राज्यात सापडलेल्या दगडी वजनांवरून एक शेकेल सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास येतो. म्हणजे ही चांदी अर्धा किलोहून थोडी जास्त झाली. बायबलमधल्याच इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात हाच व्यवहार ६०० शेकेल सोन्याचा होतो. जागेचे महत्त्व वाढले तसा तिचा भावही वाढवून सांगितला गेला असावा, असे मला वाटते.

देवासाठी खळे का निवडले असेल, हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्याला फार वेळ पडत नाही. आमच्या आजोबांचे खळे गावाबाहेर, उंचवट्यावर होते. शेणाने सारवलेल्या त्या गोल जागेच्या मध्यभागी तिवडा पुरलेला असे, त्याभोवती बैलांची पात फिरे, आणि मळणी झाली की आजोबा वावडीवर उभे राहून डोक्याच्या वर धरलेल्या पाटीतून धान्य खाली सोडत. भूस पलीकडे उडे, दाणे पायाशी पडत. वारा पडला की ते पाटी खाली ठेवून नुसते उभे राहत, आणि त्या वेळी कोणी बोलत नसे. खळ्याला वारा लागतो, सपाटी लागते आणि कठीण भुई लागते. दावीदाचे नगर जेरुसलेमच्या दक्षिणेकडील अरुंद सोंडेवर, गिहोन झऱ्याच्या आश्रयाने वसलेले होते. त्या सोंडेने उत्तरेकडे चढत गेले की पूर्वेला किद्रोनची दरी खोल राहते आणि वर उघडा कातळ लागतो. भूमध्य समुद्रावरून येणारा पश्चिमेचा वारा दुपारनंतर या डोंगरावर पोहोचतो. बायबलमधल्या रूथच्या गोष्टीत बवाज नावाचा शेतमालक रात्री जव उफणतो तो त्याच वाऱ्यामुळे. गावाच्या माथ्यावर, सर्वांना दिसेल अशी, आणि धान्यासाठी बहुधा आधीच पवित्र मानलेली ही जागा होती.

पहिल्या राजे या पुस्तकाचा पाचवा, सहावा आणि सातवा अध्याय कोणत्याही गवंड्याने एकदा वाचावेत असे आहेत. शलमोनाने राज्याच्या चौथ्या वर्षी काम सुरू केले आणि अकराव्या वर्षी ते संपवले. पारंपरिक गणनेप्रमाणे हा इसवी सनपूर्व दहाव्या शतकाच्या मध्याचा काळ येतो. लाकूड समुद्रकाठच्या सोर नगरीच्या हीराम राजाने लेबनॉनच्या डोंगरांतून दिले. ते तराफे करून समुद्रमार्गे याफो बंदरापर्यंत आणले आणि तिथून डोंगर चढवून वर नेले. एवढा खटाटोप कशासाठी, असे मलाही आधी वाटले होते. रानात आखणी केली आणि उत्तर पायाखाली आले. आपल्याकडे वाड्याची मोजणी खणांनी होते, कारण तुळईची लांबीच खोलीची रुंदी ठरवते आणि खण वाढवायचा तर खांब द्यावा लागतो. या मंदिराच्या वर्णनात आत एकही खांब नाही. एकोणतीस फुटांचा गाळा मोकळा पार करायचा, शिवाय दोन्ही भिंतींवर टेकू हवा, म्हणजे बत्तीस फुटांहून लांब, सरळ आणि किडीला दाद न देणारे लाकूड हवे. जैतुनाच्या किंवा उंबराच्या जातीच्या स्थानिक झाडांतून ते निघणे शक्य नव्हते. लेबनॉनच्या गंधसरूशिवाय, म्हणजे तिथल्या देवदाराशिवाय, हे छत झाले नसते.

दुसरी गोष्ट बाजूच्या खोल्यांची. मंदिराला तिन्ही बाजूंनी तीन मजली कोठड्या लागून होत्या. खालच्या मजल्याची रुंदी ५ हात, मधल्याची ६ आणि वरच्याची ७. वाचणाऱ्याला हे उलटे वाटते, कारण आपण वर जाताना इमारत आवळत नेतो. खुलासा पुढच्याच वाक्यात आहे: मंदिराची भिंत बाहेरून प्रत्येक मजल्याला एकेक हात मागे घेतली होती, म्हणजे कोठड्यांच्या तुळया त्या पायरीवर टेकल्या आणि देवाच्या घराच्या भिंतीला भोक पाडावे लागले नाही. हा तपशील कल्पनेतून सुचणारा नाही. तो कामावर उभ्या असलेल्या माणसाचा, निदान त्याच्याकडून ऐकणाऱ्याचा आहे, असे माझे मत आहे. प्रत्येक कोठडी ५ हात उंच, म्हणून तीन मजले मिळून १५ हात होतात. मंदिराची उंची ३० हात आहे. उरलेल्या वरच्या भिंतीत खिडक्या बसल्या असणार.

आणि तिसरी गोष्ट शांततेची. दगड खाणीतच घडवून आणले होते. बांधकाम चालू असताना तिथे हातोडा, कुऱ्हाड किंवा कोणत्याही लोखंडी हत्याराचा आवाज झाला नाही, असे पुस्तक सांगते. वेदीच्या दगडाला हत्यार लावले तर तो विटाळतो, अशी आज्ञा निर्गमच्या पुस्तकात आहे, आणि तिचाच हा विस्तार असावा. नेगेवच्या वाळवंटाच्या कडेला तेल अराद या टेकाडावरच्या किल्ल्यात योहानान अहरोनी यांनी १९६०च्या दशकात यहूदाच्या राज्यातले एक छोटे मंदिर उकरून काढले. त्याच्या अंगणातली वेदी अशीच न घडवलेल्या दगडांची आणि मातीची आहे. ज्याने पाथरवटांच्या टाक्यांच्या आवाजात दिवस काढले आहेत त्यालाच कळेल की बिनआवाजाचे काम म्हणजे खाणीत किती अचूक माप घ्यावे लागले असेल. एक दगड अर्धा बोट जास्त निघाला तर तो पुन्हा खाली न्यायचा.

इथपर्यंत वाचताना मी भारावून गेलो होतो. मग पाचव्या अध्यायातले माणसांचे आकडे पुन्हा वाचले. शलमोनाने सर्व इस्राएलातून ३०,००० माणसे वेठीला धरली. दर महिन्याला १०,००० लेबनॉनात जात, एक महिना तिथे आणि दोन महिने घरी. त्याशिवाय ७०,००० ओझेकरी, ८०,००० खाणीत दगड फोडणारे आणि त्यांच्यावर ३,३०० मुकादम. आकडे फुगवलेले असतील, आणि नवव्या अध्यायात तर इस्राएल लोकांना गुलाम केलेच नाही, परकीयांनाच वेठीला लावले, अशी सारवासारवही आहे. परंतु वेठीसाठी इथे जो हिब्रू शब्द येतो, 'मस', तोच निर्गमच्या पहिल्या अध्यायात मिसर (इजिप्त) देशात इस्राएलांवर नेमलेल्या मुकादमांसाठी येतो. आणि मंदिराच्या कामाचा मुहूर्त सांगणारे वाक्य त्या मिसरातून सुटल्यापासूनचेच साल मोजते: इस्राएल लोक मिसरातून निघाल्यानंतरचे ४८० वे वर्ष. लिहिणाऱ्याने हे न कळता लिहिले, असे मला पटत नाही.

बापाने खळ्याची किंमत मोजली आणि मुलाने त्यावर वेठीने बांधले. हीरामाला वर्षाला २०,००० कोर (हे धान्याचे जुने माप) गहू जात होता तो शेतकऱ्यांच्याच खळ्यावरून. पुढे त्याला गालीलातली २० गावेही देऊन टाकली, आणि ती पाहून तो नाराज झाला. शलमोन वारल्यावर लोक शखेम इथे जमले आणि त्याच्या मुलाला, रहबामाला, म्हणाले, की तुझ्या बापाने आमच्यावर घातलेले जड जू हलके कर. त्याने नकार दिला आणि लोकांना वळणीवर आणायला वेठीचा अधिकारी अदोराम याला पाठवले. लोकांनी त्याला दगडमार करून ठार केले. इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा फुटून गेले. त्यांचा पुढारी यराबाम हा पूर्वी स्वतः योसेफाच्या घराण्याच्या वेठकऱ्यांवरचा मुकादम होता; त्याने बेथेल आणि दान इथे वेगळी पूजास्थाने केली, आणि जेरुसलेमचे मंदिर एका लहान राज्याचे मंदिर होऊन राहिले.

त्या मंदिराचा एकही दगड आज दाखवता येत नाही. इसवी सनपूर्व ५८६ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाच्या सैन्याने ते जाळले. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांनी इसवी सनपूर्व ५१५ मध्ये दुसरे पूर्ण केले, पुढे हेरोद राजाने त्याभोवती सुमारे ३६ एकरांचा चौथरा उभारला, आणि इसवी सन ७० मध्ये रोमन सैन्याने तेही पाडले. सातव्या शतकाच्या अखेरीपासून त्या कातळावर कुब्बत अस-सखरा ही सोनेरी घुमटाची वास्तू उभी आहे. मुसलमानांच्या दृष्टीने ती जागा हरम अश-शरीफ, म्हणजे पवित्र आवार, आहे, आणि तिथे उत्खनन होत नाही. ते न होणेच योग्य आहे, असे मला वाटते. लोक जिथे आज नमाज पढतात तिथे पुराव्यासाठी कुदळ लावू नये.

पुरावा आजूबाजूला भरपूर आहे. सीरियातल्या ऐन दारा इथे देवडी, मधली खोली आणि गाभारा अशी रांग, तिन्ही बाजूंनी फिरणारी वाट, आणि उंबऱ्याच्या दगडांत कोरलेली सुमारे १ मीटर लांबीची आत जाणारी पावले होती. २०१८ च्या जानेवारीत हवाई हल्ल्यात त्या मंदिराची मोठी हानी झाली. जेरुसलेमच्या पश्चिमेला तेल मोत्सा इथे २०१२ मध्ये महामार्गाच्या कामात राजांच्या काळातले मंदिर निघाले, तेही याच धाटणीचे. पुस्तकातले वर्णन त्या मुलखातल्या बांधणीच्या रीतीत चपखल बसते, हे या जागांनी दाखवले आहे.

देवडीपुढे पितळेचे दोन स्तंभ होते, याखीन आणि बवाज. सोरहून आलेल्या, हीराम याच नावाच्या कारागिराने ते यार्देनच्या खोऱ्यात चिकणमातीच्या साच्यांत ओतले. प्रत्येकी १८ हात उंच, आतून पोकळ, पत्रा चार बोटे जाड. बाबेलच्या सैन्याने ते फोडून तुकडे वाहून नेले, आणि त्या जागी लिहिणारा पुन्हा एकदा मापे सांगतो: १८ हात, वर कळस, त्याभोवती जाळी आणि डाळिंबे. कळसाची उंची आधी ५ हात दिली होती, इथे ती ३ हात येते. बहुधा तोवर मोजायला काही उरले नव्हते. पितळेचे वजन मात्र त्याने लिहिलेले नाही. शलमोनाच्या वेळी ते फार होते म्हणून तोलले नाही, असे तो म्हणतो, आणि नेताना तोलता येत नव्हते, असे म्हणतो.