पाणी न वाहणारा कॅनॉल

आमच्याकडं कॅनॉल म्हटलं की पाणी पळालं पाहिजे. माझं सगळं लहानपण नीरा डाव्या कालव्याच्या कडेला गेलं, बारामतीच्या अलीकडं, आणि आवर्तन सुटलं की रात्री-बेरात्री बॅटऱ्या घेऊन लोक चारीवर, पाटकऱ्याला चहा पाजायचा, वरच्या अंगाला कुणी गुपचूप दार उचललं की भांडणं, आणि पाणी बंद झालं की तळाच्या गाळात आम्ही पोरं खेकडे शोधत फिरायचो. त्यामुळं इंग्लंडात रेडिंगला नोकरीला आल्यावर केनेट अँड एव्हन कॅनॉल पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलं हा बंद पडलाय. पाणी नुसतं बसलेलं. हालत नाही डुलत नाही, वर बदकं, आणि कडेनं एक पायवाट.

तर ही पायवाट म्हणजे टो-पाथ. पूर्वी होड्या घोडे ओढायचे, दोरी होडीला आणि घोडा काठानं, त्या घोड्यासाठी केलेला हा रस्ता. पाण्यावर तरंगणारा माल घोड्याला हलका जातो, त्याच घोड्याला गाडीला जुंपलं तर त्याच्या कितीतरी पटीनं कमी ओझं ओढेल, हे सगळं गणित त्यावर होतं. जुन्या विटांच्या पुलांखालून जाताना कोपऱ्याला हात लावून बघा, दोऱ्या घासून घासून बोट बसेल एवढ्या खाचा पडल्यात. मी दर वेळी बघतो, सवयच लागलीय.

मागच्या शनिवारी मी आणि माझा एक नाशिकचा मित्र (ऑफिसातलाच, नाव लिहू नको म्हणालाय कारण बायकोला तो 'थोडं फिरून येतो' एवढंच सांगून आला होता) सायकली ट्रेनमध्ये घालून ग्रेट बेडविनला उतरलो. रेडिंगहून येणारी ही लोकल इथंच संपते आणि कॅनॉल स्टेशनला अगदी खेटून आहे. बाथ शहराकडचा टो-पाथ गुळगुळीत आहे, तिथं कुठलीही सायकल चालते, बायका-पोरं टोपल्या लावून फिरतात, पण इकडं बेडविनच्या बाजूला काही ठिकाणी नुसतं गवत आणि मधे एका टायरएवढी मातीची रेघ, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कुंपणाची झुडपं. माझी सायकल हार्डटेल, पुढं सस्पेन्शन, मागं काही नाही, 29 इंची चाकं. या रस्त्याला यापेक्षा जास्त काही लागत नाही, लोक उगाच लाखालाखाच्या फुल सस्पेन्शन घेऊन इथं बदकांना दाखवत फिरतात.

एक मात्र आहे, इथं जोरात जायचं नाही. चालणाऱ्याचा हक्क पहिला. वळणावर, पुलाखाली बेल वाजवायची, कुत्रं दिसलं की थांबायचं, आणि मासे धरणारे त्यांच्या लांबच लांब कार्बनच्या काठ्या मागं सरकवतात तेव्हा त्या सगळ्या रस्त्यावर आडव्या येतात, त्यांच्यावरून सायकल घातली तर काठीची किंमत ऐकून चक्कर येईल. हंस तर राजेच. हंसाशी वाद घालायचा नाही, उतरून ढकलत न्यायची सायकल.

क्रॉफ्टनच्या अलीकडं मागचं चाक बसलं. फुस्स नाही की काही नाही, नुसतं जड लागायला लागलं आणि बघतो तर रिम टेकलेली. शरद ऋतूत इथं कुंपणं छाटतात आणि त्यात ब्लॅकथॉर्न असतं, बाभळीच्या काट्यासारखाच सरळ टणक काटा, तो सगळा रस्त्यावर पडतो. टायर ट्यूबलेस आहे, आत सीलंट असतं, ते भोक बुजवतं, म्हणजे बुजवतं जर ते आत ओलं असेल तर. मी शेवटचं कधी भरलं होतं तर एप्रिलात. आत बघितलं तर वाळून रबराची पापुद्री झालेली. चूक माझीच. मग स्पेअर ट्यूब घातली, पंप मारला, पाचशे मीटर गेलो आणि परत तेच! कारण काटा बाहेरून तुटला होता पण त्याचं टोक टायरमध्येच राहिलं होतं, मी बोट फिरवून बघितलं होतं पण नीट नाही. मित्र म्हणाला, "अरे बाबा, गावाकडं पंक्चरवाला सुद्धा आधी टायर आतून चाचपतो." बोलणार काय.

तिथंच एक नॅरोबोट, म्हणजे कॅनॉलवरची अरुंद लांब होडी, बांधलेली होती, हिरवी, छपरावर सरपणाची लाकडं रचलेली, धुराड्यातून धूर. त्यातून एक आजोबा बाहेर आले, आमच्याकडं पाच मिनिटं बघितलं, आत गेले आणि पक्कड घेऊन आले. टायर उलटा करून, अंगठ्याच्या नखानं आतनं हळूहळू रेटत, मग बाहेरनं पकडीत धरून ते टोक काढलं. जेमतेम चार मिलिमीटर! काळं, तांदळाच्या कणीएवढं. ते तळहातावर ठेवून त्यांनी मला असं दाखवलं की जसा काही दातच काढलाय. मी त्यांना दिवाळीचा उरलेला फराळ दिला, चकली त्यांना फार आवडली, शंकरपाळी चहात बुडवून खाल्ली. बरोबर खाल्ली म्हणजे.

चहा पिताना मी आपला मनातला प्रश्न विचारला, की हे पाणी येतं कुठून आणि जातं कुठं. त्यांनी समोरच्या लॉककडं बोट दाखवलं. होडीला चढ चढता येत नाही, म्हणून कॅनॉल पायऱ्या-पायऱ्यांचा केलेला असतो, प्रत्येक पायरी सपाट, आणि दोन पायऱ्यांच्या मधे दारं लावलेली पेटी. होडी पेटीत घ्यायची, दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं, होडी वर येते. या कॅनॉलला असे शंभरावर लॉक आहेत, रेडिंग ते ब्रिस्टल 87 मैलांत. आणि प्रत्येक वेळी एक पेटीभर पाणी, दोनेक लाख लिटर तरी, खालच्या पायरीत जातं. म्हणजे कॅनॉलचा जो सगळ्यात उंच भाग आहे, तिथून होडी पूर्वेला उतरली तरी पाणी गेलं आणि पश्चिमेला उतरली तरी गेलं.

आता आमच्या डोक्यात कॅनॉलच्या वरच्या टोकाला धरण. भाटघर भरलं की वर्षाची चिंता मिटली. इथं वरच्या टोकाला काहीच नाही, डोंगराचा माथा नुसता! पाणी आहे ते खाली. मग? मग उपसा. चक्क उपसा सिंचन योजना, फक्त सिंचन सोडून.

ती बघायला पुढं क्रॉफ्टनला थांबलोच. नऊ लॉकची माळ आहे तिथं, शेजारी तळं, आणि त्याच्या वरच्या अंगाला विटांची इमारत आणि उंच धुराडं. आत बोल्टन आणि वॅट कंपनीचं 1812 सालचं वाफेचं इंजिन आहे, आणि ते अजून चालतं, आपल्या मूळ जागेवर राहून मूळ काम करू शकणारं जगातलं सगळ्यात जुनं. वर्षातल्या ठराविक दिवशीच कोळसा घालून पेटवतात, एरवी विजेचे पंप पाणी चढवतात. सुमारे 40 फूट चढवायचं, की ते पाटानं वरच्या टप्प्यात जातं. हो, पाटानं! साधा मातीतला पाट, आपल्या चारीसारखा, आणि त्यातलं पाणी वाहत होतं. एवढ्या सगळ्या भानगडीत मला घरचं वाटलेलं तेवढंच.

गंमत म्हणजे हा पंप टाळता आला असता. आधीच्या आखणीत लांबलचक बोगदा होता, दोन मैलांच्या वर, त्यामुळं कॅनॉलचा माथा खाली राहिला असता. विल्यम जेसप या इंजिनियरनं सांगितलं की बोगदा छोटा करा, माथा वर घ्या आणि पाणी पंपानं चढवा. बोगद्याचा खर्च वाचला आणि पंपाचं बिल दोनशे वर्षं चालूच आहे. कुठल्या तरी मीटिंगमध्ये हे ऐकल्यासारखं वाटतं ना?

पुढं तो छोटा झालेला बोगदा लागतो, ब्रूस टनेल, 502 यार्ड. तो तरी का, तर खरं उघडी खोदाई करूनही भागलं असतं, पण जमीन थॉमस ब्रूस या अर्लची, म्हणजे इथला जहागीरदार, आणि तो म्हणाला माझ्या रानातून एवढी खोल चर मारायची नाही. कालव्याला जमीन जाताना काय काय होतं ते आमच्या तालुक्यात विचारा, पण आमच्याकडं कुणाचं ऐकून बोगदा केल्याचं ऐकिवात नाही. बोगद्यात टो-पाथ नाही. घोडा सोडून टेकडीवरून चालवत न्यायचे आणि आत माणसं भिंतीला लावलेल्या साखळ्या धरून होडी ओढायची. आम्ही पण घोड्याच्याच वाटेनं, सायकली रेटत.

बर्बेजपासून कॅनॉल सोडला आणि सॅव्हरनेकच्या जंगलात घुसलो. हे जंगल पण त्याच अर्लच्या घराण्याचं, शेकडो वर्षं खाजगी, पण वर्षातला एक दिवस सोडला तर लोकांना खुलं. ग्रँड अव्हेन्यू म्हणून सरळसोट रस्ता आहे, जवळजवळ चार मैल, दोन्ही बाजूला बीचची झाडं, डांबर नाही, खड्डे मात्र आपल्या जिल्हा परिषदेच्या दर्जाचे. ऑक्टोबरात पानं तांब्यासारखी होतात आणि सगळा रस्ता त्यांनी झाकला जातो, त्यामुळं खड्डा कुठंय हे चाक आत गेल्यावर कळतं. आडवाटांवर ओल्या बीचच्या मुळ्या म्हणजे साबण. मित्र दोनदा पडला, मी एकदा, आणि माझं पडणं जास्त देखणं होतं असं त्याचं म्हणणं. शिवाय मी नेमका नेटलमध्ये पडलो, खाजखुजलीची विलायती बहीण ती, हात तासभर चुरचुरत होता. डॉक नावाच्या रोपट्याचं पान चोळलं, त्यानं काही फरक पडला नाही पण काहीतरी केल्याचं समाधान.

बिग बेली ओक पण बघितला, हायवेला अगदी चिकटून उभा आहे, हजार वर्षांच्या आसपासचा, पोट फाटू नये म्हणून कमरेला लोखंडी पट्टा बांधलेला. मित्र म्हणाला, चाळिशीनंतर आपल्याला पण लागणार.

दुपारी तिथूनच आण्णांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडं संध्याकाळ झालेली, मागं गोठ्यातला बल्ब दिसत होता. सकाळी काढलेला कॅनॉलचा व्हिडिओ त्यांना आधीच पाठवला होता.

"पाणी बंद हाय का रं?"

म्हटलं, बंद नाही आण्णा, ते असंच असतं.

"मग रानाला कसं देत्यात?"

रानाला देतच नाहीत, होड्यांसाठी आहे. पूर्वी कोळसा-बिळसा जायचा, मग रेल्वे आली, 1852 साली रेल्वे कंपनीनंच कॅनॉल विकत घेतला, मग पडीक झाला, आणि लोकांनी वर्षानुवर्षं रविवारी येऊन गाळ काढला, दारं बसवली, तेव्हा कुठं 1990 साली परत चालू झाला. आता हौशी लोक होड्यांत राहतात, फिरतात.

आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. रेंज गेली की काय म्हणून मी फोन हलवून बघितला.

"म्हंजी एवढं पाणी उचलून वर न्यायचं, आन एक सरी पण भिजवायची न्हाई?"

नाही.

"मोटार किती हॉर्सपॉवरची हाय?"

आता हॉर्सपॉवर हे माप रूढ केलं तेच मुळी वॅटनं, ज्याच्या कंपनीचं ते इंजिन, आणि आपण उभे आहोत ते घोड्यांच्याच वाटेवरून येऊन, हे सगळं त्यांना सांगायला तोंड उघडलं तेवढ्यात मागनं आईचा आवाज आला की म्हैस सोडलीय का कुणी, आणि फोन कट.